कशेळीच्या पुलावरची मीटिंग

बाबांनी मला गाडी शिकवली ती काल्हेरच्या गोदामांमागच्या मोकळ्या जागेत, रविवारी सकाळी, ट्रक आणि ट्रकवाले दोघंही झोपलेले असताना. आमची व्हॅन कागदोपत्री पांढरी होती. प्रत्यक्षात तिचा रंग भिवंडीच्या धुळीचा, आणि तिचं मधलं दार बाहेरून एक लाथ घातल्याशिवाय उघडायचं नाही. आठवडाभर बाबा तिच्यातून शाळेची पोरं ने-आण करायचे आणि रविवार माझा. क्लच सोडला की ती बकरीसारखी उड्या मारायची, बाबा समोरची पट्टी घट्ट धरून ओरडायचे, "अगं हलू, हलू! गाडी हाय ती, रेडा न्हाय!" आणि मला इतकं हसू फुटायचं की पाय आणखीच सटकायचा. पुढे जायला मी चटकन शिकले. मागे घ्यायचं काही जमेना. आरशात सगळं उलटं दिसतं, डावं की उजवं कळत नाही, आणि गोदामाच्या भिंतीवर आमच्या दिव्याच्या काचेचे तुकडे पडले तेव्हा बाबांनी नादच सोडला. म्हणाले, "मागं जायाचं कामच काय तुला? पुढंच जा."

आमचं घर दोन खोल्यांचं, आणि मागची भिंत पॉवरलूमच्या शेडला लागून. लूम चालू असली की भिंत थरथरायची, भिंतीवरचा आरसाही थरथरायचा, त्यामुळे लहानपणी मी स्वतःचं तोंड कधी नीट पाहिलंच नाही. आम्ही सगळे ओरडून बोलायचो. शुक्रवारी लूम बंद असायच्या, तरी आमचे आवाज काही खाली यायचे नाहीत आणि "मीठ दे गं" हे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. आई मूळची वज्रेश्वरीकडची. तिच्या हातची तांदळाची भाकरी रुमालासारखी मऊ, सोबत सुकटीची चटणी, हंगामात वालाचं बिरडं. घरी कुणीही आलं की आई आधी ताट वाढायची आणि मग विचारायची, कोण तुम्ही, काय काम काढलंत. आता माझ्या स्वयंपाकघरात मिक्सर आहे, भाकरीचं यंत्रसुद्धा मुलानं आणून ठेवलंय, पण ती चटणी काही पाट्याशिवाय होत नाही. मी दर वर्षी करून बघते आणि दर वर्षी आईची माफी मागते.

मला लायसन मिळालं त्या वर्षी बाबा घसरून पडले आणि त्यांचा हात प्लास्टरमध्ये गेला. शाळेला सुट्टी लागलेली, म्हणजे पोरांचं काम तसंही बंद. उरलं होतं एकच गिऱ्हाईक, आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या मुमताज आपा. आपा कोकणी मुसलमान, एका जुन्या लूमवाल्या घरातली लेक. नवरा लवकर गेला, मुलं आपापल्या वाटेला लागली, आणि घरात गप्प बसणं हे त्यांच्या प्रकृतीला मानवत नव्हतं. पिठाच्या गिरणीवरची एक खोली घेऊन त्यांनी बायांसाठी केंद्र काढलं होतं. कुणाला मार पडलेला, कुणाला घराबाहेर काढलेलं, कुणाच्या अंगात ताप आणि हातात पोर. अशा बाया जिना चढून यायच्या, आपा ऐकून घ्यायच्या, चहा पाजायच्या आणि मग त्यांना घेऊन दवाखाना, पोलीस चौकी, कचेरी असं फिरायच्या. त्या फिरण्यासाठी आमची व्हॅन. खाली गिरणी चालू असल्यानं तिथून उतरणाऱ्या प्रत्येकीच्या केसांवर पीठ असायचं. आपा म्हणायच्या, "बघ, माझ्याकडं येऊन सगळ्या एका रंगाच्या होतात." आणि हसायच्या. त्यांचं हसणं म्हणजे आधी खांदे, मग पोट, आणि सगळ्यात शेवटी आवाज.

बाबांच्या ऐवजी मी चावी घेऊन उभी राहिले तेव्हा आपांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लायसन हाय?"

"हाय."

"डर?"

"न्हाय."

"मग बस. मलापण नाय."

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात हलके दिवस. विशीतली पोर, हातात स्टिअरिंग, आणि रस्त्यात रिक्षावाले वळून वळून बघतायत! मी हॉर्न इतका वाजवायचे की आपा कानात बोटं घालायच्या. पण त्याच दिवसांत मला एक गोष्ट दिसायला लागली. आमच्या गाडीत बसणाऱ्या बायांचं दुःख कधी एकेकटं नसायचं, ते घोळक्यानं यायचं. आणि प्रत्येक कचेरी त्या घोळक्यातलं एकच दुःख ओळखायची, बाकीच्यांना म्हणायची, बाहेर थांबा.

पद्मा अशीच होती. तिचं माहेर तेलंगणातलं, नवरा लूमवर कामाला. स्वतःही लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची, आणि जीभ अशी चालू की दुखण्यातसुद्धा समोरच्याला हसवायची. नवऱ्यानं मारून हाकललं होतं आणि चिन्नीला, तिच्या चार वर्षांच्या मुलीला, ठेवून घेतलं होतं. पद्माला टीबी होता. आणि ती प्यायची. हे ती स्वतःच सांगायची, कुणी विचारायच्या आधी. "पीती हूँ, आपा. खोटं कशाला बोलू?" रात्री कुणाच्या तरी ओट्यावर झोपायची.

आता तिचा फेरा ऐका. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणायच्या, औषध कित्येक महिन्यांचं आहे, मधेच सोडलं तर आजार बळावतो, पक्का पत्ता असल्याशिवाय सुरू करता येत नाही. पत्ता हवा तर आधारगृहात जा. आधारगृहाच्या अधीक्षिका परांजपेबाई म्हणायच्या, खोकला आहे, दारू आहे, इतर बायकांमध्ये ठेवू कशी? आधी बरी होऊन या. चौकीतल्या जाधवबाई हवालदार म्हणायच्या, पोरीला मी आत्ता आणते, पण आणून ठेवू कुठं? आईलाच छप्पर नाही. आधी जागा बघा. की पुन्हा आधारगृह. या तिन्ही दारांत मी पद्माला इतक्यांदा सोडलं की व्हॅन आपली आपणच वळेल असं वाटायचं. तिघींपैकी एकही वाईट नव्हती. डॉक्टरबाई तर पद्माला स्वतःच्या डब्यातली पोळी द्यायच्या. पण तिघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं.

अशात बातमी आली की पद्माची सासू गावाहून आली आहे आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं चिन्नीला कायमची गावी घेऊन जाणार आहे. नेमकी त्याच दिवशी ठाण्याला मोठी मीटिंग होती. सगळ्या खात्यांना बोलावणं होतं आणि विषय होता, संकटग्रस्त महिलांसाठीच्या सेवांमध्ये समन्वय. आपा 'समन्वय' म्हणता म्हणता दोनदा अडखळल्या आणि मग खदाखदा हसल्या. "जाऊ की! तिथं साहेबापुढं पद्मालाच उभी करते. म्हणते, हिच्यावर करा तुमचा समन्वय." आणि मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी गिरणीवाल्याच्या फोनवरून तिन्ही बायांना निरोप धाडले, आमची गाडी जातेच आहे, तुम्हीही चला. उन्हाचे दिवस, बसमध्ये उभं राहायलाही जागा नसायची. तिघी हो म्हणाल्या.

परांजपेबाई माझ्या शेजारी पुढे बसल्या, कडक इस्त्रीची साडी, मांडीवर पर्स उभी. मधे डॉक्टरबाई आणि वर्दीतल्या जाधवबाई. मागे आपा आणि खिडकीला लागून, तोंडावर पदर घेतलेली पद्मा. डॉक्टरबाईंनी गाडीत पाय ठेवतानाच सगळ्या काचा उघडायला लावल्या होत्या आणि पद्माला बजावलं होतं, पदर काढायचा नाही. परांजपेबाईंनी आरशातून मागे पाहिलं आणि पर्स आणखी जवळ घेतली. काल्हेर मागे पडलं. कशेळीच्या पुलाच्या अलीकडे गाड्या थांबल्या. पुढे पुलावर एक लांबलचक ट्रेलर आडवा झाला होता. हळूहळू एकेक ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं, कुणी टायरच्या सावलीत आडवं झालं, कुणी स्टोव्ह काढून चहा टाकला. मी ओळखलं, आज ठाणं काही दिसत नाही.

बराच वेळ गेला. परांजपेबाई गुडघे जुळवून ताठ बसल्या होत्या. "रंजना, अजून साधारण किती वेळ?"

"बाई, काय सांगू? सगळ्यांनी इंजिनं बंद केलीत."

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आवाज जरा बारीक. मागून पद्मा म्हणाली, "अगं रंजू, बाईंना लागलीय."

परांजपेबाई लालबुंद. आणि मग डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का, मलाही." जाधवबाई म्हणाल्या, "मी तर काल्हेरपासून दम धरलाय." आपांचे खांदे हलायला लागले होते.

पण जायचं कुठं? दोन्ही बाजूंना ट्रक, आणि प्रत्येक ट्रकात एक ड्रायव्हर आणि एक क्लिनर. रस्त्याच्या उतारावर सिमेंटचे मोठाले पाइप रचून ठेवले होते, तेवढाच आडोसा. मी सीटवरची चादर ओढून काढली. एक टोक मी धरलं, दुसरं पद्मानं. जाधवबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, टोपी नीट केली, शिट्टी फुंकली आणि चौकीत चोराला दरडवावं त्या आवाजात ओरडल्या, "ए! सगळे ड्रायव्हर लोक! तोंड ठाण्याकडं! जो इकडं वळंल त्याची गाडी जमा!"

आणि काय सांगू, ती ट्रकांची आख्खी रांग ठाण्याकडे तोंड करून उभी राहिली, जशी शाळेची प्रार्थना. एका दाढीवाल्या ड्रायव्हरनं तर वरून डोळ्यांवर हातही ठेवले. लांबून एकजण विचारतो, "मॅडम, कितना टाइम?"

"मैं बोलूँ तब तक!"

खाडीवरून वारा सुटला तसा चादरीचं शीड झालं. माझं टोक वर, पद्माचं खाली, आणि पाइपांच्या मागून परांजपेबाईंची हाक, "अगं धरा, धरा!" आणि त्या हाकेतच त्यांना हसू फुटलं. शिंका याव्यात तसं, थांबून थांबून. ते ऐकून डॉक्टरबाईंना फुटलं. पद्मा हसता हसता खोकायला लागली, तोंड फिरवून, पदर घट्ट दाबून, आणि पुन्हा हसायला लागली. मी तर चादरीसकट खाली बसले. शेवटी जाधवबाईंची पाळी आली तेव्हा शिट्टी आपांनी घेतली. त्यांच्याकडे वर्दी नव्हती, पण एकाही ड्रायव्हरनं मान वळवली नाही.

त्यानंतर कुणी ताठ बसणं शक्यच नव्हतं. आईनं बांधून दिलेल्या भाकऱ्या मी काढल्या. परांजपेबाईंनी सुकटीला नमस्कार केला आणि कोरडी भाकरी लोणच्याबरोबर घेतली. डॉक्टरबाई चटणी खाऊन डोळे पुसत होत्या. पद्माला त्यांनी वेगळ्या कागदावर वाढलं आणि खिडकीकडे तोंड करून जेवायला लावलं. ते बघून परांजपेबाईंनी विचारलं, "ही अशी जवळ बसली आहे, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"काचा उघड्या आहेत, तोंडावर पदर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि औषध नीट सुरू झालं की काही आठवड्यांत हिच्यापासून बहुधा कुणाला लागण होणार नाही. तपासून मी लिहून देईन तसं."

"मग सुरू का नाही केलंत?"

"पत्ता नाही ना तिला. कुठं शोधायची, गोळ्या चुकल्या तर?"

"पत्ता?" परांजपेबाईंचा घास हातातच राहिला. "माझ्याकडे व्हरांड्याला लागून एक खोली आहे, दोन खिडक्यांची. रिकामीच असते. पण मला तर कुणी हे सांगितलंच नाही. मला वाटलं, टीबी म्हणजे वर्षभर जवळ जायचं नाही."

जाधवबाई बोटं चाटत होत्या. त्या थांबल्या. "म्हणजे हिला खोली मिळाली असं धरू? मिळाली तर पोरीला मी आत्ता जाऊन आणते."

मागून पद्मा म्हणाली, "बस? इतनाच था?" आणि ती हसायच्या ऐवजी रडायला लागली. त्या दिवसातली तेवढीच एक वेळ, जेव्हा आमच्यापैकी कुणी हसलं नाही.

पण परांजपेबाईंनी लगेच मान हलवली नाही. त्या मागे वळल्या आणि पहिल्यांदाच सरळ पद्माशी बोलल्या. "दारूचं काय? मागे एक बाई प्यायली, मारामारी झाली, एका मुलीचं डोकं फुटलं. कमिटीनं मला जबाबदार धरलं. मी अजून ते विसरले नाही."

पद्मानं डोळे पुसले. "सोडली, असं नाय बोलत, बाई. कोशिश करीन. एक दिन नाय जमलं, तर मला बाहेर नका काढू. आपाला बोलवा."

"मी रोज येते," आपा म्हणाल्या. "संध्याकाळी येऊन बसते हिच्याजवळ."

"आणि हात कापायला लागले, झोप उडाली, तर लगेच माझ्याकडे पाठवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यालाही औषध असतं. ती मुद्दाम करते असं समजू नका."

परांजपेबाईंनी खाडीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मग पर्स पायाशी ठेवून दिली. "रंजना, गाडी फिरव. मीटिंग राहू दे."

गाडी फिरव म्हणे! मागे गाडी, पुढे गाडी, बाजूला उतार, आणि मला मागे घेता येत नाही हे सांगण्याची ही वेळ नव्हती. मघाशी ठाण्याकडे तोंड करून उभे राहिलेले सगळे ड्रायव्हर आता आमच्याभोवती गोळा झाले. "आने दे, आने दे! काटो! बस्स!" प्रत्येकजण वेगळं सांगत होता. मी आरशात बघणं सोडून दिलं आणि फक्त मागच्या काचेतून, खाली उतरलेल्या पद्माच्या हाताकडे पाहिलं. ती हात हलवून दाखवत होती, इकडं, आता तिकडं, बस. बकरीच्या दोन उड्या, एका ट्रकच्या चाकाला ओझरता मुका, आणि व्हॅन भिवंडीकडे तोंड करून उभी! ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून दिले. आयुष्यात मला पुढे बऱ्याच गोष्टींसाठी शाबासकी मिळाली, पण तसा हॉर्नचा गजर पुन्हा कुणी केला नाही.

पद्माच्या चाळीत आम्ही पोचलो तेव्हा सासू पिशवीची गाठ मारत होती. व्हॅनच्या मधल्या दाराला जाधवबाईंनी आतून खांदा दिला, मी बाहेरून लाथ घातली, आणि आम्ही पाचजणी दारात उभ्या राहिलो. पद्मा थोडी मागे. नवरा आडवा आला. आवाज मोठा, पण नजर वर्दीवर. "इसको टीबी है! बच्ची को लगेगी!"

"त्याचं माझ्याकडे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "भेट कशी घडवायची ते मी बघेन."

"रहने को जगह किधर है?"

"माझ्याकडे," परांजपेबाई म्हणाल्या.

"दारू पीती है!"

"तू नाय पीत?" शेजारच्या दारातून एक म्हातारी म्हणाली. ती आमच्यातली नव्हतीच. चाळीतल्या बाया हसल्या. जाधवबाई नवऱ्याच्या अगदी जवळ जाऊन हळू आवाजात बोलल्या. काय बोलल्या ते मला आजवर कळलेलं नाही. विचारलं की त्या म्हणायच्या, "कायद्याचं बोलले." पण तो बाजूला झाला. सासूनं पिशवी सोडली, आतून पोरीचे दोन फ्रॉक काढले आणि एक शब्द न बोलता माझ्या हातात दिले. तिचेही डोळे भरले होते. तेव्हा मला ते दिसलं नव्हतं. आता, स्वतः आजी झाल्यावर, दिसतं.

चिन्नी दाराआडून बघत होती. पद्मा अंगणात खाली बसली, डॉक्टरबाईंनी सांगितलं तेवढं अंतर ठेवून, पदर तोंडावर धरून. पोर पुढे आली, थांबली, वाकून बघायला लागली. मग विचारलं, "अम्मा, तुझं तोंड कुठाय?"

पद्मानं डोळे मोठे केले, भुवया नाचवल्या, डोळ्यांनीच वेडावून दाखवलं. पोर खिदळली आणि तिच्या पायांवर जाऊन बसली.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. सुरुवातीचे आठवडे चिन्नी आधारगृहातल्या दुसऱ्या बायांजवळ झोपायची आणि दिवसा खिडकीतून आईशी भांडायची. पावसाळ्यात पद्मा एकदा पिऊन आली. परांजपेबाईंनी तिला बाहेर काढलं नाही, आपांना फोन केला. आपांनी डॉक्टरबाईंना केला. औषधाचा कोर्स पुरा झाला. पद्मानं नंतर काल्हेरला गोदामात पॅकिंगचं काम धरलं, स्वतःची खोली घेतली. चिन्नी आता ठाण्याला नोकरी करते आणि मी गाडी हळू चालवते म्हणून माझ्यावर चिडते. आणि डॉक्टरबाई, परांजपेबाई, जाधवबाई, त्या तिघी दर मंगळवारी भेटायला लागल्या. दवाखान्याच्या आवारात व्हॅन उभी करायची, काचा उघडायच्या, आणि त्या आठवड्यात आलेल्या प्रत्येक बाईचं सगळं दुःख एकदम बोलायचं, तीही सोबत बसलेली असताना. कचेरीत का नाही बसत, असं साहेबांनी एकदा विचारलं. परांजपेबाई म्हणाल्या, "कचेरीत आम्हाला हसता येत नाही." पुढे त्या मंगळवारच्या बैठकीला नाव मिळालं, खोली मिळाली, टेबलं आली. मी अजून त्यात आहे. आता मी टेबलाच्या या बाजूला बसते आणि जिना चढून आलेल्या बाईला एकाच दुःखाचं विचारून थांबत नाही.

त्या दिवशी मी घरी आले तेव्हा दिवे लागायचे होते. आई दारात तांदूळ निवडत होती, बाबा प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसलेले. मागे लूम धडधडत होत्या. आई ओरडली, "ठाण्याला जाऊन आलीस?"

"न्हाय!"

"मग दिवसभर कुठं व्हतीस?"

"कशेळीच्या पुलाजवळ!"

"तिथं काय केलंस?"

मी सांगायला तोंड उघडलं. ट्रकवाले डोळ्यांसमोर आले, ती चादर आली, परांजपेबाईंची पर्स आली. मी उंबऱ्यावर बसून हसत सुटले. काय झालंय हे न कळताच आई हसायला लागली, मग बाबा, मग ओट्यावरची शेजारीण. भिंत थरथरत होती, आणि आम्ही सगळे लूमच्या वरताण आवाजात हसत होतो.